धडगावच्या डोंगरात आवाज पोचवायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची संस्था पालघरच्या जव्हार-मोखाड्यात आणि नंदुरबारच्या धडगाव भागात काम करते. पावसाळ्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की गावं दोन-दोन, तीन-तीन दिवस तुटतात. कोकणपट्टीवरच्या मच्छीमारांबरोबरही काम सुरू करायचं आहे. तर शॉर्टवेव्हवरचं, म्हणजे आकाशातल्या थरावरून परतून लांब पोचणाऱ्या रेडिओलहरींवरचं, प्रक्षेपण पुन्हा सुरू करता येईल का, आणि त्याला काही अर्थ आहे का? शेवटी तुम्ही लिहिलंय, की मुंबईत घरी एक जुना सेट लावून पाहिला, तर खरखरीशिवाय काहीच आलं नाही.

मी तीसेक वर्षं ट्रान्समीटरच्या बाजूला काढली, त्यातली बरीचशी शॉर्टवेव्हवर. माझं उत्तर हो आहे, धडगावसाठी नक्कीच. पण बहुतेक लोक ज्या टोकापासून सुरुवात करतात, त्याच्या उलट टोकापासून तुम्हाला ती करावी लागेल.

आधी त्या खरखरीबद्दल. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये बसून शॉर्टवेव्हची परीक्षा घेऊ नका. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर, शेजारच्या घरातला इन्व्हर्टर हे सगळे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात आवाज ओकत असतात. तुम्ही ऐकलात तो या शहराचा आवाज. जुन्या लोकांना हे कळत होतं. कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवलं गेलं, कारण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानं नोंदी बिघडल्या असत्या. तुम्हीही सेट घेऊन धडगावच्या एखाद्या पाड्यावर जा, छपरावरून झाडापर्यंत दहा मीटर साधी तार ओढा आणि रात्री आठ वाजता काटा फिरवा. वीज गेलेली असेल तर आणखी उत्तम. जिथे अडचण सर्वांत मोठी, तिथेच शॉर्टवेव्ह सर्वांत स्वच्छ ऐकू येते.

आता मच्छीमार आणि डोंगरातली गावं हे दोन प्रश्न वेगळे करा. तुम्ही ते एकत्र लिहिलेत आणि तिथेच पैसे वाया जातील. खाऱ्या पाण्यावरून मीडियमवेव्हची, म्हणजे शॉर्टवेव्हपेक्षा लांब लहरींच्या रेडिओची, जमिनीलगतची लहर फार दूर जाते. समुद्राचं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, आपला बेसॉल्ट आणि जांभा तसे नाहीत. त्यामुळे मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ किलोहर्ट्झ भरदिवसा दर्यावर जितकं लांब ऐकू येईल, तितकं ते घाट चढून पलीकडे येणार नाही. सातपाटीच्या किंवा वर्सोव्याच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, माझा सल्ला मीडियमवेव्हचा साधा रेडिओ आणि सुके सेल असाच राहील. बोटीवरचा व्हीएचएफ संच, म्हणजे बोलण्याचा वायरलेस, नजरेच्या टप्प्यापुरता चालतो, थोडा पुढे म्हणा, पण आठ-दहा दिवसांच्या फेरीवर गेलेल्या बोटीला तो पुरत नाही. ओखी चक्रीवादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७ मध्ये, केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी जीव मुठीत धरून देवगडच्या बंदरात आल्या. किनाऱ्यापासून इतक्या दूर असलेल्या माणसाला इशारा कुठून मिळणार, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना दिसला. तरीही माझा आग्रह असा, की समुद्रासाठी मीडियमवेव्ह टिकवा आणि शॉर्टवेव्हचे कष्ट डोंगरासाठी राखून ठेवा.

डोंगरात शॉर्टवेव्ह का चालते हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. एफएमला दरी ओलांडता येत नाही. मीडियमवेव्ह सह्याद्री-सातपुड्याच्या खडकात थकते. शॉर्टवेव्ह मात्र वर जाते, तिचा आवाज साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, थरावरून परततो आणि पावसासारखा वरून पडतो. कौलावर पडतो तसा दरीच्या तळाशीही पडतो. मुंबईपासून धडगाव सरळ रेषेत सुमारे ३३५ किलोमीटर आहे. तिथे पोचायचं तर लहर जमिनीशी साठेक अंशांचा कोन करून वर सोडावी लागते. जव्हार शंभर किलोमीटरवर, तिथल्यासाठी जवळजवळ उभीच, ऐंशी अंश. म्हणजे अँटेनाचं तोंड आकाशाकडे हवं.

हे न समजल्यामुळे काय होतं ते मी पाहिलंय. एका केंद्रावर परदेशासाठीचे मोठे ट्रान्समीटर होते, पडद्यासारख्या उभ्या अँटेना, सगळी ताकद क्षितिजाकडे. आवाज हजारो किलोमीटरवर स्वच्छ पोचायचा आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या गावात सेट मुका. लहर त्यांच्या डोक्यावरून निघून जायची. कोणीतरी ठरवलं, की याच अँटेनावरून जवळच्या आदिवासी भागासाठी रोज अर्धा तास द्यायचा. वर्षभर दिला. गावात कोणी ऐकत नाही असा अहवाल आला आणि कार्यक्रम बंद झाला. लोकांना शॉर्टवेव्ह नको आहे, असा निष्कर्ष कागदावर राहिला. त्या गावांत आवाज पोचलाच नव्हता, हे कोणी मोजलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

बरोबर अँटेना त्यापेक्षा कितीतरी साधी असते. मुंबई आकाशवाणी पूर्वी ६० मीटरच्या पट्ट्यात (पट्ट्याचं नाव लहरीच्या लांबीवरून पडतं) ४८४० किलोहर्ट्झवर लागायची, जुन्या श्रोत्यांना तो आकडा पाठ आहे. त्या फ्रिक्वेन्सीसाठी अर्ध्या लहरीची तार २९-३० मीटर लांब भरते आणि ती जमिनीपासून बारा ते पंधरा मीटरवर आडवी टांगायची. तीन-चार मजली इमारतीची उंची. एवढ्या खाली टांगलेली तार आपली बहुतेक ताकद सरळ वर फेकते, आपल्याला नेमकं तेच हवं. शेजारी शेजारी अशा दोन-चार तारा लावल्या तर आणखी बरं.

एकाच फ्रिक्वेन्सीवर चोवीस तास भागत नाही. दिवसा सूर्य खालचा एक थर जागा करतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो. दुपारी ४८४० वर आवाज क्षीण होतो तो त्यामुळे. दुपारी ७ मेगाहर्ट्झच्या वर, ४१ मीटरच्या पट्ट्यात जा. सूर्य मावळला की ६० मीटर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती पहाटे. रात्रभर तो वरचा थर विरळ होत जातो आणि सूर्योदयाच्या आधीचा तास सर्वांत वाईट. सूर्य शांत असण्याच्या वर्षांत सरळ वर सोडलेली लहर परत पाठवण्याची त्याची क्षमता तीन-चार मेगाहर्ट्झच्याही खाली उतरते. अशा वेळी ४८४० थर फोडून अवकाशात निघून जाते. आता विचार करा, शेतावर, जंगलात जाणारा माणूस रेडिओ कधी लावतो? पहाटे साडेपाचला, चूल पेटते तेव्हा. हवामानाचा इशारा उपयोगी पडायचा तर त्याच वेळी. म्हणून पहाटेसाठी ९० मीटरचा पट्टा, ३.२ ते ३.४ मेगाहर्ट्झ, हाताशी ठेवायलाच हवा. त्याची तार मोठी, त्रेचाळीस मीटरच्या आसपास. जागा घेतानाच तेवढी घ्या, नंतर वाढवता येत नाही.

आताच्या सौरचक्राचा, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराचा, कळस २०२४ च्या आसपास येऊन गेला. पुढची काही वर्षं सूर्य शांत होत जाईल. आज चाचणी घेऊन पहाटे ६० मीटर उत्तम चालतंय असं दिसलं, तरी २०२९-३० मध्ये तेच चालेल असं धरू नका. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या अक्षांशावर संध्याकाळी आवाज थरथरतो, पाण्याखालून बोलल्यासारखा. त्याला इलाज नाही. महत्त्वाचं बुलेटिन संध्याकाळी एकदाच देऊन थांबू नका, रात्री नऊनंतर पुन्हा द्या.

ताकदीबद्दल लोक आधी विचारतात, मी मुद्दाम उशिरा बोलतोय. जुनी प्रादेशिक केंद्रं ५० किलोवॉटची असायची. धडगाव, जव्हार, मोखाडा एवढ्यासाठी वर फेकणाऱ्या अँटेनावर १० किलोवॉट पुरतील असं माझं मत आहे. मेमधल्या वळवाच्या विजांच्या कडकडाटात कमी पडतील, बाकी वर्षभर नाही. हिशोब करा: १० किलोवॉटचा ट्रान्समीटर, थंड ठेवण्याच्या यंत्रणेसकट साधारण २५ किलोवॉट वीज ओढेल. रोज चार तास म्हणजे १०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर दिवसाला हजार रुपये. ५० किलोवॉटला याच्या पाचपट. शॉर्टवेव्ह परवडत नाही हे वाक्य रोज बावीस तास चालणाऱ्या मोठ्या केंद्रांच्या वीजबिलावरून आलंय. तुम्हाला बावीस तास नकोत.

जुनं केंद्र उभं असेल तर ते पुन्हा चालू करणं हा मोह होईल, आणि तो चांगला मोह आहे. पण बटण दाबण्याआधी त्याच्या अंगावरून हात फिरवा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या मोठ्या व्हॉल्व्हमध्ये (ट्रान्समीटरच्या निर्वात नळीत) वायू साचतो, थेट पूर्ण व्होल्टेज दिलं तर आत ठिणगी पडते आणि लाखमोलाचा व्हॉल्व्ह जातो. फिलामेंट टप्प्याटप्प्यानं तापवावं लागतं, कधी कधी अनेक तास. थंड करणाऱ्या पाण्याची शुद्धता तपासा. पहिल्यांदा ताकद डमी लोडमध्ये, म्हणजे ती उष्णता करून जिरवणाऱ्या उपकरणात, सोडा, अँटेनावर नव्हे. फीडर लाइनचं, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या तारांचं, तांबं चोरीला गेलेलं असतं, इन्सुलेटर तडकलेले, मैदानात रान माजलेलं. जमिनीतलं अर्थिंग कोणी तपासत नाही, ते आधी तपासा. फार जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरमधलं तेल विषारी असू शकतं, उघड्या हातानं काही करू नका. आणि मनोरे आधीच पाडून जमीन दुसऱ्या कामाला गेली असेल, तर ते केंद्र विसरा. ट्रान्समीटर विकत मिळतो, मुंबईच्या आसपास मोकळं, कोरडं, वीज पोचलेलं मैदान पुन्हा मिळत नाही. म्हणून माझी सगळ्यांना विनंती असते, की प्रक्षेपण थांबवा हवं तर, अँटेनाचं मैदान मोडू नका.

उभं असलेलं टिकवण्याचं मोल बाहेर दिसलंय. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं ३१ जानेवारी २०१७ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतली तीन शॉर्टवेव्ह केंद्रं बंद केली: अॅलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरीन. प्रत्येक ५० किलोवॉट आणि अँटेना सरळ आकाशाकडे तोंड केलेल्या. अॅलिस स्प्रिंग्जचं एक स्थान ४८३५ किलोहर्ट्झ, आपल्या ४८४० चं अगदी शेजारी. वर्षाला १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर वाचतील असं सांगितलं गेलं. उपग्रह, एफएम, इंटरनेट हे पर्याय दिले. गुरं पाळणारे, ट्रकवाले, मच्छीमार, जंगलातले आदिवासी रेंजर या लोकांची तक्रार एकच होती, की ते पर्याय वस्तीत बसणाऱ्याचे आहेत. वस्तीपासून दीडशे किलोमीटरवर, गाडीत किंवा घोड्यावर असलेल्या माणसाकडे उपग्रहाची थाळी नसते. आपल्याकडेही गुराखी, तेंदूपत्ता तोडणारा, मोहाच्या वेळी रानात राहणारं कुटुंब यांना हेच लागू आहे. दुसऱ्या बाजूला बीबीसी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर काही दिवसांत, मार्चच्या सुरुवातीला, त्यांनी १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर रोज चार तास सुरू केले. इतक्या लवकर जमलं कारण कुठेतरी ट्रान्समीटर चालू स्थितीत उभे होते, त्यावर वेळ घेता आली. त्याच वर्षी जानेवारीत टोंगात ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली आणि जोडायला पाच आठवडे लागले. तोवर न्यूझीलंडहून येणारी शॉर्टवेव्ह चालू होती.

आता कायद्याची बाजू, लवकर आटोपतो. तुमची संस्था स्वतः शॉर्टवेव्ह प्रक्षेपण करू शकत नाही. आपल्याकडे ते प्रसार भारतीच्या हातात आहे. संस्थांना वाट आहे ती सामुदायिक रेडिओची, २००६ च्या धोरणानं ती खुली केली: एफएम, १०० वॉट, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर हे काम किती चांगलं करते ते जाऊन पाहा. तेव्हा तुमची मागणी अशी हवी: प्रसार भारतीनं छोटं, वर फेकणारं शॉर्टवेव्ह केंद्र चालवावं, कार्यक्रमाची वेळ आणि भाषा तुमच्यासारख्या संस्थांनी भरावी, आणि तिथल्या सामुदायिक केंद्रांनी इंटरनेट तुटेल तेव्हा शॉर्टवेव्हवरून आवाज उचलून एफएमवर सोडावा. ही कल्पना नवी नाही. उपग्रह येण्याआधी प्रादेशिक केंद्रं दिल्लीच्या बातम्या अशाच उचलायची. बातम्यांमागे येणारी ती लाटेसारखी गाज माझ्या पिढीला आठवत असेल.

डिजिटल रेडिओ, म्हणजे डीआरएम (डिजिटल रेडिओ मॉन्डियाल), तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. मीडियमवेव्हवर आकाशवाणीनं ते बरंच उभं केलंय, अनेक नव्या मोटारींत ते बसूनही येतं. वरून पडणाऱ्या लहरीसाठी त्यात वेगळी, जास्त चिवट पद्धतही आहे. पण पाड्यावरच्या माणसाला परवडेल आणि दोन सेलवर महिना काढेल असा संच बाजारात सापडत नाही. तो मिळेपर्यंत जुन्या पद्धतीचं साधं एएम प्रक्षेपण. एएममध्ये आवाज विरतो, खरखरतो, पण अर्धं वाक्य तरी कळतं. डिजिटल तुटलं की पूर्ण शांतता.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी ठेवलंय, कारण यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. माझा मावसभाऊ श्रीवर्धन तालुक्यात राहतो. त्याच्या गावची वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाइल मेलेले. घरात रेडिओ होता. वडिलांचा, चांगला तीन बँडचा. सेल आत फुटून पत्रे गंजलेले, काट्याची दोरी तुटलेली, आणि कुठलं स्टेशन कुठे लागतं हे घरात एकालाही माहीत नाही. मी महिनाभरानं गेलो तेव्हा त्यानं तो सेट माझ्यासमोर ठेवला. मीडियमवेव्हवर मुंबई त्या सगळ्या दिवसांत चालू होती. माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य पलीकडच्या टोकाला गेलं, आवाज जावा म्हणून रात्रपाळ्या केल्या, आणि माझ्याच घरात ऐकणारं टोक तुटून पडलं होतं.

म्हणून तुमची पहिली खरेदी ट्रान्समीटर नसावी, रेडिओ असावेत. प्रत्येक पाड्यावर निदान चार, शाळेत, अंगणवाडीत, आशाताईंकडे, किराणा दुकानात. साधा काट्याचा सेट घ्या, मोठ्या सेलवर चालणारा. घेताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात उभं राहून नुसता एफएम वाजवून पाहू नका, मागे ६० आणि ९० मीटर खरंच आहे का ते बघा. बऱ्याच स्वस्त संचांत शॉर्टवेव्ह लिहिलेलं असतं आणि पट्टा पावणेसहा मेगाहर्ट्झच्या वरूनच सुरू होतो. ते आपल्या कामाचे नाहीत. काचेवर स्टेशनच्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या, दिवसाचा लाल, रात्रीचा आणि पहाटेचा वेगवेगळ्या रंगाचा. गावातल्या दोन पोरांना काट्याची दोरी बदलायला आणि सेलचे पत्रे घासायला शिकवा. आणि एकदा ठरलेली फ्रिक्वेन्सी बदलू नका. आंतरराष्ट्रीय प्रक्षेपणात दर मार्च-ऑक्टोबरला वेळापत्रक बदलतं. खेड्यातला ठिपका बदलत नाही. स्थान हललं की श्रोता गेला.

वादळाची वाटही पाहायची नाही. वादळासाठी म्हणून वर्षभर बंद ठेवलेला रेडिओ वादळात लागत नाही. रोज ऐकण्यासारखं काही हवं: धडगावला पावरी बोलीत, जव्हारला वारली-कोकण्यात, बाजारभाव, बस चालू की बंद, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या दिवशी, गावातल्याच माणसाचं गाणं. मुंबईतून प्रमाण मराठीत वाचलेलं पत्रक चालणार नाही. वाचायची पद्धतही बदला. आकाशवाणीवर पूर्वी धीम्या गतीच्या बातम्या असायच्या, लिहून घेता येतील इतक्या संथ. शॉर्टवेव्हवर इशारा तसाच वाचा, आकडा आणि गावाचं नाव दोनदा. मधला एक शब्द लाटेत बुडाला तरी दुसऱ्यांदा हाती लागतो. संगीत कमी ठेवा, आवाजाचा खालचा घुमारा कापा, बोलणं दाबून समपातळीवर आणा.

पैसे मागायला जाण्याआधी हे करा. मुंबईतल्या एखाद्या परवानाधारक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, गाठा. त्याला ७ आणि ३.५ मेगाहर्ट्झवर, बारा मीटरवर टांगलेल्या तारेवरून, शंभर वॉटवर बोलायला सांगा. दुसरा हॅम धडगावला बसवा. मोजायचे तास तीन: दुपारी एक, रात्री नऊ, पहाटे साडेपाच. एक आठवडा मेअखेरीस, एक ऑगस्टमध्ये, एक डिसेंबरात. प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण करा, आणि ते गावातल्या माणसाला ऐकवून त्याला काय कळलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. इंजिनिअरचा कान खरखरीतून शब्द वेचायला सरावलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. शंभर वॉटवर अर्धं कळलं तर १० किलोवॉटवर सगळं कळेल. ती मुद्रणं आणि त्या वह्या माझ्याकडे घेऊन या. पहाटेची आधी ऐकू.